अठ्ठावीस खांब

१

सकाळी आठ वाजता दुकानाच्या फळ्या काढायच्या, गादीवरची चादर झटकायची आणि मग फडक्यानं टेलिफोन पुसायचा, असा माझा त्या काळातला नेम होता. पुसून झाला की बाजूचं हँडल गरगर फिरवायचं. मालेगावच्या बाहेर, वाशिम रस्त्याला दीड मैलावर माझी जिनिंग फॅक्टरी. तिथं टेबलावर घंटी वाजायची आणि आमचे मुकादम पुंजाजी रिसीव्हर उचलायचे.

मी म्हणायचो, "दुकान."

ते म्हणायचे, "फॅक्टरी."

मी म्हणायचो, "बोला." मग कामाचं बोलणं सुरू.

हे तीन शब्द मीच ठरवले होते. तारेत खरखर फार. कोण आहे, ऐकू येतं का, हे विचारण्यातच निम्मा वेळ जायचा. म्हणून कायदा केला: फोन करणाऱ्यानं आपली जागा सांगायची, उचलणाऱ्यानं आपली, आणि करणाऱ्यानं "बोला" म्हटल्याशिवाय कुणी पुढं बोलायचं नाही. बोलणं संपलं की खाली ठेवायचा. त्याला कायदा नव्हता.

फोन सरकारी नव्हता. लढाईतून उरलेले दोन लष्करी फोन अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे धूळ खात पडले होते. मी ते तपेल्यांच्या ढिगासकट घेतले, म्हणजे त्याला माझा डोळा कशावर आहे ते कळू नये. रीतसर परवानगी काढली, बाभळीचे अठ्ठावीस खांब रोवले आणि त्यावरून एक तार ओढली. शाळा माझी तिसरीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी घासलेटच्या डब्यांवर शिकलो. तारेतून बोलणं कसं जातं ते मला आजही सांगता येणार नाही. पण वस्तू वापरून तिचा स्वभाव ओळखायचा, एवढं मला येतं.

हा सगळा उपद्व्याप हौसेसाठी नव्हता. माझ्या ओळखीच्या एका शेठची फॅक्टरी पेटली तेव्हा खबर द्यायला माणूस पळत सुटला होता. तो पोचला, पाणी निघालं, आणि पाणी पोचेस्तोवर आत दोन बाया राहिल्या त्या राहिल्याच. माझ्या फॅक्टरीत विहीर नाही. पाण्याची टाकी लावलेला ट्रॅक्टर दुकानामागच्या वाड्यात, विहिरीपाशी उभा असायचा. फॅक्टरीत तीस बाया कापूस टाकायला. ती तीस माणसं आणि ते पाणी यांच्यामध्ये एवढी एक तार होती.

२

बहात्तर सालचा माघ महिना. कापसाची एकाधिकार खरेदी यायच्या आधीचा तो शेवटचा हंगाम. पुंजाजी संध्याकाळी किल्ल्या द्यायला दुकानात आले, जयभीम घातला आणि म्हणाले,

"दोन नंबरचं मशीन बंद ठेवलं जी दुपारपासून. तुमी म्हणले तसं."

"मी कधी म्हणलं?"

"दुपारी. मी फोन केला नाही का? तुमी म्हणले, पट्ट्याचा आवाज बरोबर नायी येत, बंद ठेवा."

मी दुपारभर गादीवर होतो. घंटी वाजली नव्हती.

पुंजाजी थट्टा करणारा माणूस नव्हे. हमाल म्हणून आला होता, आणि इंजिनाला कान लावून लावून फिटर झाला. दारूला शिवत नाही. मला वाटलं, सकाळचं बोलणं दुपारचं म्हणून लक्षात राहिलं असेल. पण सकाळीही मी पट्ट्याविषयी बोललो नव्हतो.

"पट्टा पाहिला का मग?"

"पाह्यला ना. आतून उसवला होता. चालू ठेवला असता तर सटकून कोनाच्या तरी तोंडावर बसला असता." जाता जाता ते वळून म्हणाले, "तुमाले इथून आवाज कसा समजला, हे मी बायायले सांगतलं. भागिरथा म्हणे, शेठचे कान सशाचे हायेत."

मी हसलो. फुकटची तारीफ कोण परत करतो?

३

चार दिवसांत असं तीनदा झालं. दर वेळी हुकूम माझा, आणि दर वेळी तो बरोबर. माझ्यापेक्षा बरोबर, असं म्हणायला हवं. ओल्या कापसाच्या गाड्या वेगळ्या काढा म्हणून मी सांगितलं होतं म्हणे. मी तर त्या गाड्या पाहिल्याही नव्हत्या.

मग मी पारख करायची ठरवली. सकाळी पुंजाजींना फोन केला. माझा फोन तिकडं चांगला वाजायचा, त्यात काही खोट नव्हती. म्हटलं, बरोबर बारा वाजता तुम्ही इकडं करा. पावणेबारापासून मी फोनसमोर मांडी घालून बसलो. गिऱ्हाइकाला म्हटलं, जरा वेळानं या. घड्याळात बारा झाले. सव्वाबारा झाले. घंटीवर एक माशी बसली होती, ती उडालीसुद्धा नाही. रिसीव्हर उचलून कानाला लावला. विहिरीच्या तोंडाशी येतो तसा घूं आवाज, बाकी काही नाही.

सायकल काढली आणि फॅक्टरीत गेलो. पुंजाजी टेबलाशी डोळे पुसत होते, हसून हसून.

"काय झालं?"

"काय शेठ, आताच तर ठेवला फोन. तुमची खामगावची गोष्ट. टेशनावरची चप्पल."

ही गोष्ट मी आयुष्यात शंभरदा सांगितली असेल. गाडीत चढताना माझी एक चप्पल फलाटावर राहिली, आणि मी दुसरीही खिडकीतून फेकली, सापडेल त्याला जोडी तरी व्हावी म्हणून.

"पन आज शेवट नवा होता जी," पुंजाजी म्हणाले. "तो मानूस दोन्ही चपला घेऊन दुसऱ्या गाडीनं तुमच्या दुकानी आला, आन् तुमी त्याले कामावर ठेवलं. हे आधी कधी सांगतलं नव्हतं."

सांगणार कसा? तसं कधी झालंच नव्हतं. पण गोष्ट अशी संपायला हवी होती, हे मला लगेच पटलं. वीस वर्षं मी ती अर्धवट सांगत आलो होतो.

मागं मशीनं धडधडत होती. शेवटच्या मशीनपाशी भागिरथा डोक्याला फडकं बांधून कापूस लोटत होती. मला वाटलं, आज इथं पेटलं असतं तर? पुंजाजींनी हँडल फिरवलं असतं, कुणीतरी "दुकान" म्हणालं असतं, सगळं नीट ऐकून घेतलं असतं. आणि माझा ट्रॅक्टर वाड्यात उभाच राहिला असता.

४

वाशिमहून मी निजामुद्दीन मिस्त्रींना बोलावलं. आधी दहा वर्षं रेल्वेच्या फोनवर होते, मग स्वतःचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सडपातळ माणूस, पांढरी टोपी, खिशात पक्कड. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते म्हणाले,

"तुमचा फोन तिकडं लागते, तिकडचा इकडं लागत नायी. एवढीच बात हाय ना? बाकी बात मंग पाहू."

त्या दिवशी त्या माणसाचं काम पाहिलं आणि मी मनातल्या मनात हात जोडले. आपण काय करतो? खराबी आली की सगळीकडं एकदम हात घालतो. मिस्त्रींनी कशालाही हात लावला नाही. दुकानापासून खांब मोजत गेले आणि चौदाव्या खांबावर चढून तार तोडली. हातातला लहान फोन आधी फॅक्टरीकडच्या तुकड्याला लावला. पुंजाजींची घंटी वाजली, पुंजाजी बोलले. तो अर्धा भाग ठीक. मिस्त्री मला म्हणाले, "आता त्या चौदा खांबायले भुलून जा."

मग फोन दुकानाकडच्या तुकड्याला लावला. मला दुकानात बसवून ठेवलं होतं. घंटी वाजली नाही. पण मिस्त्रींनी नंतर सांगितलं, त्यांना "दुकान" ऐकू आलं.

तार जोडून ते सातव्या खांबावर गेले. तिथंही तेच. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी उरलेल्या तारेचे दोन भाग, आणि चांगला भाग मोजणीतून बाद. घाई नाही, तर्कट नाही. तीन तासांत दीड मैलाची खराबी त्यांनी एका खांबाच्या अंतरात आणून कोंडली. एवढी सबुरी माझ्यापाशी असती तर मी आज मुंबईत पेढी घालून बसलो असतो.

शेवटी ते पहिल्या खांबावर चढले. तो खांब माझ्या ओट्यासमोरच, वीस पावलांवर. मी गादीवर होतो, रिसीव्हर कानाला, त्यांच्याकडे बघत. त्यांनी हँडल फिरवलं. माझी घंटी मुकी. त्यांचे ओठ हलले: खांब. मग ते ऐकत राहिले. मग पुन्हा ओठ हलले. ते बोलत होते. मधून मधून थांबून, मान हलवून, एखाद्या माणसाशी बोलावं तसं. आणि बोलता बोलता ते माझ्याकडे पाहत होते.

माझ्या कानात फक्त घूं.

बऱ्याच वेळानं ते खाली उतरले, ओट्यावर आले आणि पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर म्हणाले,

"शेठ, तुमी मले साफ दिसून राह्यले होते. तोंड बंद होतं तुमचं."

"आणि?"

"आन् तुमी मले इचारत होते, मिस्त्री, खांबावर ऊन लागून राह्यलं का?"

५

त्यांनी भिंतीतली तार तपासली, फोन उघडून आतली एकेक चकती पुसून पुन्हा बसवली. सगळं नव्यासारखं. मग गादीच्या कोपऱ्यावर बसून त्यांनी मला एक प्रश्न केला. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःला तर नाहीच.

"बोलनं सुरू करताना तुमचे तीन शब्द हायेत. अक्कलवाली बात हाय. ठेवताना काय म्हनता?"

"काही नाही. झालं की ठेवतो."

"रेल्वेत असं चालत नायी. तिथं एकजन म्हनते, ठेवतो. दुसराबी म्हनते, ठेवतो. दोघायनं म्हनल्याबिगर बोलनं संपलं असं कोनी समजत नायी. एकजन उठून गेला आन् दुसऱ्याले मालूमच नायी, तर तो तसाच बसून राह्यते, लाइन धरून." पक्कड खिशात घालत त्यांनी विचारलं, "तुमचं एखादं बोलनं मधातच तुटलं होतं का?"

तुटलं होतं. संक्रांतीनंतर वाऱ्यानं एक फांदी तारेवर पडली होती. मी पुंजाजींना काहीतरी सांगत होतो आणि अर्ध्या वाक्यात पलीकडं गप्प झालं. दुसऱ्या दिवशी तार जोडली, मी नवीन फोन केला, नवीन बोलणं सुरू.

"आन् ते जुनं?" मिस्त्री म्हणाले. "ते कोनं ठेवलं?"

भरदुपार होती. समोरून एक बैलगाडी गेली आणि बाजाराकडं वळली. मी स्वतःला बजावलं, जानराव, तू सरकी विकून मोठा झालेला माणूस आहेस. वाक्य तुटलं तर वाक्य तुटतं. ते बसून कुठं राहील? बसायला काही तरी लागतं की नाही?

"आता काय करायचं?"

"फॅक्टरीत जा. तिथून फोन करा. लाइन धरून बसला हाय, तो उचलंल. त्याच्याशी बोला, आन् रीतीनं ठेवा. तुमी म्हना, मंग त्याले म्हनू द्या. मी इथी बसतो."

६

फॅक्टरीच्या टेबलाशी मी पहिल्यांदाच फोन करायला बसलो. मशीनांचा गलबला एवढा की एक कान हातानं झाकावा लागला. हँडल फिरवलं.

"फॅक्टरी," मी म्हटलं.

"दुकान."

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही असं म्हणतात. मला आला. माझाच, पण घाई नसलेला. ऐकणाऱ्या माणसाचा आवाज असतो ना, तसा. व्यापाऱ्याच्या मनात आधी काय आलं ते खरं सांगतो: हा माणूस गादीवर बसला तर गिऱ्हाईक परत जाणार नाही.

"बोला," मी म्हटलं.

"ठेवायले फोन केला, मालूम हाय मले," तो म्हणाला. "ठेवू. पन आधी भागिरथाबाईच्या मशीनखालचं बेअरिंग पाहा. सकाळपासून रडून राह्यलं ते."

मी रिसीव्हर टेबलावर टाकला आणि पुंजाजींना हाक मारली. आम्ही दोघं शेवटच्या मशीनपाशी पोचलो तेव्हा भागिरथा म्हणाली, "काय झालं शेठ, सशाचे कान घेऊन इकडं कसे?" तिच्या पायाशी, शाफ्टच्या नालीत रुईचा लोळ साचला होता. त्याच्या कडेला एक तांबडी रेघ सरकत होती, मुंगीच्या रांगेसारखी.

पुंजाजींनी इंजिन बंद केलं. भागिरथानं एकही शब्द न बोलता बाजूच्या दोघींचे दंड धरले आणि दाराकडं लोटलं, मग पुढच्या दोघींना. बाया एकीमागून एक अंगणात निघाल्या. आम्ही वाळूच्या बादल्या ओतत होतो, पण लोळ नालीतून आत सरकत गेला आणि तिसऱ्या मशीनखालून भक्कन जाळ निघाला. पाण्याशिवाय ती आग विझणार नव्हती. मी फोनकडं वळलो आणि तिथंच थांबलो. फोन केला तर उचलणार कोण?

तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर आत आला. टाकी भरलेली. आमचा ड्रायव्हर सोमला उडी मारून उतरला, नळी ओढत आला आणि मला पाहून जागच्या जागी उभा राहिला.

"शेठ, तुमी माह्या आधी इथी कसे पोचले?"

"तुला कोणी पाठवलं?"

"आता काय सांगू? तुमीच तर वाड्यात येऊन म्हणले, टाकी घेऊन पळ."

पुंजाजींनी नळी त्याच्या हातातून घेतली. पाव तासात जाळ विझला. दोन मशीनं गेली. भागिरथाच्या लुगड्याचा पदर कोपऱ्यात करपला होता, तो मुठीत धरून ती बाया मोजत होती. दोनदा मोजल्या. तीस.

मी टेबलाशी गेलो. रिसीव्हर तसाच आडवा पडला होता. कानाला लावला.

"निघाल्या सगळ्या?" त्यानं विचारलं.

"निघाल्या. तुले कसं समजलं?"

"मी लाइनीवरच असतो. दिवसभर मशीनं ऐकतो. तू ऐकलं असतं तर तुलेबी समजलं असतं." रागानं नव्हे, धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाला. मग म्हणाला, "आता ठेवायचं असंल तर ठेवू. पहिले तू म्हन."

एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर लाइन मोकळी, दुकान माझं, गादी माझी. आणि उद्या बेअरिंग रडलं तर ऐकणारा कुणी नाही. दारातून अंगण दिसत होतं. बाया कडुनिंबाखाली टेकल्या होत्या. कुणीतरी हसली, त्यावर दुसरी रडायला लागली. आयुष्यभर मी सौदे केले. इतका सरळ सौदा माझ्यासमोर कधी आला नव्हता.

तो शब्द मी म्हटला नाही. रिसीव्हर टेबलावर अलगद आडवा ठेवला, बोलायचं तोंड मशीनांकडं करून.

७

मिस्त्रींना सांगायला म्हणून दुकानात गेलो. ऊन कलायला आलं होतं. ते ओट्यावर होते, गादीकडं तोंड करून, हातात चहाची रिकामी कपबशी. मी सायकल लावली तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग गादीकडं. मग पुन्हा माझ्याकडे. कपबशी त्यांनी फार हळू खाली ठेवली.

"आताच उठून आत गेले तुमी," ते म्हणाले.

"काय बोललो मी?"

"म्हनले, मिस्त्री, खराबी बरोबर सापडली तुमाले. पन काढू नका."

"तुम्ही तोंड पाहिलं का?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "दहा साल लाइनीवर काढले शेठ. जे सुधरवायचं नायी, त्याचं तोंड मी पाहत नसतो."

गादीच्या मागं माल ठेवायची खोली, आणि तिच्या दाराला गोणपाटाचा पडदा. तो जमिनीपासून वीतभर वर. त्याच्याखाली दोन पाय दिसत होते. अनवाणी, माझ्याकडं तोंड करून, स्थिर. डाव्या अंगठ्याचं नख काळं. रुईची गाठ पायावर पडली होती तेव्हापासून माझं तसंच आहे.

मी एक पाय ओट्यावर ठेवला होता. तो खाली घेतला.

"फॅक्टरीत काम हाय," मी म्हटलं. मिस्त्रींना म्हटलं, की पडद्याला, ते मला सांगता येणार नाही.

पडद्याखालचे पाय वळले आणि सावकाश आत गेले.

त्याला आता सात वर्षं झाली. मी फॅक्टरीतच बसतो. मशीनांच्या आवाजात बसून बसून मलाही थोडं थोडं ऐकू यायला लागलं आहे. पण त्याच्याएवढं नाही. त्यानं सांगितलेलं एकही बेअरिंग आजवर खोटं निघालं नाही, आणि आमच्याकडच्या एकाही बाईला पुन्हा आच लागली नाही. रात्री जेवायला घरी जातो तेव्हा दुकानाच्या गल्लीतून जात नाही, मागच्या रस्त्यानं जातो. बाजाराच्या दिवशी ओळखीची माणसं भेटतात. हात हातात घेऊन म्हणतात, "शेठ, आजकाल दुकानात कायच्या काय निवांत बसता. पोटभर ऐकून घेता मानसाचं. पहिले नव्हते तुमी असे."

मी हो म्हणतो.